मोबाइलमधील स्पायवेअर : ओळख आणि बंदोबस्त

मोबाइलमधील स्पायवेअर म्हणजे फोन वापरणाऱ्याच्या नकळत त्याचे संदेश, कॉल, छायाचित्रे, ठावठिकाणा आणि प्रसंगी कॅमेरा-मायक्रोफोनमधून टिपलेले दृश्य व आवाज तिसऱ्याच कुणाकडे पोहोचवणारे सॉफ्टवेअर. व्हॉट्सॲप किंवा सिग्नलवरचा संदेश वाटेत कुणाला वाचता येत नाही, हे खरे आहे. पण स्पायवेअर वाटेत दबा धरून बसतच नाही. संदेश ज्या फोनवर उघडतो त्याच फोनमध्ये ते मुक्काम ठोकून असते, त्यामुळे मालक जे वाचतो ते त्यालाही आयते वाचायला मिळते.

स्पायवेअर म्हटले की बहुतेकांना सरकारी यंत्रणांना विकले जाणारे पेगासस आठवते. प्रत्यक्षात सर्वसामान्य माणसाच्या फोनमध्ये पेगासस शिरण्याची शक्यता फार कमी आहे. एका फोनवर एवढे महागडे हत्यार खर्च करण्यासाठी तसे गिऱ्हाईक आणि तसे सावज लागते. सामान्य फोनमधला हेर बहुधा घरातला किंवा ओळखीतला असतो, नाहीतर मालकानेच फसून त्याला आत घेतलेले असते. शिरकावाच्या वाटा साधारण तीन : फोन हातात घेऊन कुणीतरी बसवलेले पाळतीचे ॲप, बनावट नावाने आलेली एपीके (म्हणजे अँड्रॉइड ॲप बसवणारी) फाइल, आणि सरकारी यंत्रणांना विकली जाणारी, फोनच्या सॉफ्टवेअरमधल्या अज्ञात त्रुटीतून घुसणारी महागडी हत्यारे. कोणत्या वाटेची शंका आहे ते आधी ठरवावे लागते, कारण तिन्हींचा शोध आणि बंदोबस्त वेगवेगळा आहे.

बॅटरी लवकर उतरते, फोन तापतो, डेटा जास्त खर्च होतो, ही लक्षणे सगळीकडे सांगितली जातात. त्यांवर फार विसंबू नये. जुनी बॅटरी, अपडेटनंतर मागे चालू राहिलेली कामे, कमकुवत नेटवर्क यांनीही हेच होते. केवळ तेवढ्यावरून हेर शोधायला निघणे म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणे. उलट, नीट बनवलेले स्पायवेअर यांतले एकही लक्षण दाखवत नाही. ‘*#21# दाबा, फोन टॅप होत असेल तर कळेल’ असा एक संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्या कोडवरून आपले कॉल दुसऱ्या क्रमांकावर वळवले आहेत की नाहीत, एवढेच कळते. ते तपासणेही उपयोगाचे आहे, कारण कॉल वळवून ओटीपी लाटण्याचे प्रकार इतके वाढले की दूरसंचार विभागाने 15 एप्रिल 2024 पासून *401# सारख्या कोडने कॉल वळवण्याची सोय थांबवायला लावली. पण स्पायवेअरशी त्या कोडचा काही संबंध नाही.

पहिल्या वाटेच्या ॲपना ‘स्टॉकरवेअर’ म्हणतात. मुलांवर लक्ष ठेवण्यासाठी, कर्मचाऱ्यांच्या देखरेखीसाठी अशी जाहिरात करून ती महिन्याच्या वर्गणीवर विकली जातात, आणि वापरली जातात ती प्रामुख्याने पती, पत्नी किंवा प्रेमसंबंधातल्या जोडीदारावर. ॲप बसवायला फोन काही मिनिटे हातात मिळावा लागतो आणि पिन ठाऊक असावा लागतो. घरातल्या घरात या दोन्ही गोष्टी अवघड नसतात. बसवणारा आधी घातक ॲप तपासणारी गुगलची ‘प्ले प्रोटेक्ट’ ही सोय बंद करतो, मग ॲप डाउनलोड करतो, मागेल त्या सगळ्या परवानग्या देतो आणि चिन्ह लपवतो. पुढे ॲपच्या यादीत ते ‘सिस्टिम सर्व्हिस’, ‘सिंक’ अशा सरकारी फायलीसारख्या नीरस नावाने पडून राहते.

त्याचा माग परवानग्यांवरून लागतो. अँड्रॉइडमधली ‘ॲक्सेसिबिलिटी’ ही मुळात दृष्टिहीनांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या आणि हात नीट न चालणाऱ्यांच्या वतीने बटणे दाबणाऱ्या ॲपसाठी केलेली सोय. पडदा वाचणे आणि बटण दाबणे ही दोनच कामे हेरालाही हवी असतात, म्हणून ही परवानगी घेतलेल्या ॲपच्या यादीत तो बहुधा सापडतो. सेटिंग्जमध्ये जाऊन ॲक्सेसिबिलिटीची परवानगी कोणाला आहे ते पाहावे. मग ‘डिव्हाइस ॲडमिन’ ॲप, नोटिफिकेशन वाचण्याची मुभा असलेली ॲप आणि बाहेरून ॲप बसवण्याची परवानगी असलेली ॲप, या याद्याही चाळाव्यात. ज्या फोनधारकाला टॉकबॅकसारख्या पडदा वाचून दाखवणाऱ्या ॲपची गरज नाही, त्याच्या पहिल्या यादीत काहीच चालू नसणे हे बहुधा ठीक; तिथे अनोळखी नाव चालू दिसले तर मात्र ते संशयास्पद. प्ले स्टोअरमधले प्ले प्रोटेक्ट आपण न करता बंद झालेले असणे, हा बॅटरीपेक्षा कितीतरी बोलका पुरावा होय. अँड्रॉइड 12 पासून कॅमेरा किंवा मायक्रोफोन चालू असताना वरच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका दिसतो, आयफोनवर मायक्रोफोनसाठी नारिंगी. ठिपका दिसत नाही म्हणून निर्धास्त होता येत नाही. भलत्या वेळी दिसला तर मात्र कोणते ॲप ते लगेच पाहावे.

आयफोनमध्ये असे ॲप लपवून बसवणे कठीण असल्याने पाळत ठेवणारा वेगळी शक्कल लढवतो. आयक्लाउडचा पासवर्ड (आणि लागल्यास पडताळणीचा कोड) मिळवला की फोनमध्ये काहीही न बसवता बॅकअपमधून संदेश आणि फोटो वाचता येतात. म्हणून तिथे फोनपेक्षा खाते तपासावे लागते : ॲपल खात्याशी कोणती उपकरणे जोडली आहेत, ठावठिकाणा कोणाला दिसतो, ‘डिव्हाइस मॅनेजमेंट’मध्ये कुणी प्रोफाइल घातली आहे का. आयओएस 16 पासूनचे ‘सेफ्टी चेक’ यांतले बरेचसे एका ठिकाणी दाखवते. व्हॉट्सॲपची ‘लिंक केलेली डिव्हाइस’ ही यादी तर दोन्ही प्रकारच्या फोनवर सर्वांत आधी उघडावी. दुसऱ्याच्या संगणकावर व्हॉट्सॲप वेब चालू करून ठेवणे यात स्पायवेअर असे काही नाहीच, पण घरगुती पाळतीत हा सगळ्यात सोपा मार्ग आहे.

ॲप सापडले की ते तत्काळ काढून टाकावेसे वाटते. इथे थांबून विचार करणे भाग आहे. ॲप बंद पडल्याचे पलीकडच्याला लगेच कळते, आणि तो हिंसक असेल तर त्याचा राग घरातच निघतो. शिवाय पुरावाही जातो. त्यामुळे आधी पडद्याचे फोटो दुसऱ्या फोनने काढून ठेवावेत, विश्वासातल्या माणसाशी किंवा वकिलाशी ज्या फोनवर पाळत नाही त्यावरून बोलावे, आणि मगच ते काढावे. काढताना आधी डिव्हाइस ॲडमिनची परवानगी रद्द करावी लागते, नाहीतर ‘अनइन्स्टॉल’चे बटण दबतच नाही. पूर्ण खात्री हवी तर फॅक्टरी रीसेट. त्यानंतर पिन नवा, गुगल किंवा ॲपल खात्याचा पासवर्ड नवा, आणि तो बदलायचा स्वच्छ उपकरणावरून. ‘अँटी-स्पाय’ म्हणून मिळणारी कुठलीतरी ॲप या कामी घेऊ नयेत. त्यांतली काही स्वतःच माहिती गोळा करतात.

या धंद्याची एक विचित्र बाजू अशी, की तो चोरलेली माहितीही धड सांभाळत नाही. पोलंडमधल्या ‘लेटमीस्पाय’ या ॲपचा सर्व्हर जून 2023 मध्ये फोडला गेला, हजारो लोकांचे चोरून वाचलेले संदेश बाहेर पडले आणि कंपनीने त्याच वर्षी ऑगस्टअखेर दुकान बंद केले. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2021 मध्ये ‘स्पायफोन’ कंपनीला आणि तिच्या प्रमुखाला पाळतीच्या व्यवसायातूनच हद्दपार केले. जोडीदारावर पाळत ठेवणाऱ्याने त्या जोडीदाराचे खासगी आयुष्य अशा रीतीने साऱ्या जगासाठी खुले करून ठेवलेले असते.

दुसरी वाट महाराष्ट्रात गावोगाव परिचयाची झाली आहे. व्हॉट्सॲपवर ‘आरटीओ ई-चलान’, लग्नाची पत्रिका, पीएम किसान योजनेचा अर्ज किंवा बँकेच्या केवायसीच्या नावाने फाइल येते, तिच्या नावाच्या शेवटी ‘.apk’ हा शेपटा असतो. लग्नाची पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते, ॲप कधीच नसते, एवढे लक्षात राहिले तरी निम्मे काम होते. फाइल उघडली की फोन इशारा देतो, पण घाईत तो ओलांडला जातो. पुढे ॲप एसएमएस वाचण्याची परवानगी मागते आणि बँकेचे ओटीपी परस्पर चोरांकडे जाऊ लागतात. फाइल ओळखीच्या क्रमांकावरून आलेली असल्याने शंका येत नाही, कारण तो ओळखीचा माणूस आधीच फसलेला असतो आणि त्याच्या खात्यातून ती सगळ्या गटांत पसरते. अशी फाइल उघडली गेलीच तर फोन ताबडतोब फ्लाइट मोडवर टाकावा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खाते गोठवावे आणि 1930 या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पैसे पुढच्या खात्यांत फिरण्याआधी ते अडवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते.

तिसऱ्या वाटेवरच्या पेगाससचा इतिहास ऑगस्ट 2016 पासून उघडपणे सांगता येतो. संयुक्त अरब अमिरातीतले मानवाधिकार कार्यकर्ते अहमद मन्सूर यांना तुरुंगातल्या छळाची ‘गुपिते’ देऊ करणारे दोन एसएमएस आले. त्यांनी त्यांतली लिंक दाबली नाही. टोरंटो विद्यापीठातल्या सिटिझन लॅबकडे पाठवली. लॅबने ‘लुकआउट’ या कंपनीसह तपासले तेव्हा आयफोनमधल्या तीन अज्ञात त्रुटी एकामागोमाग वापरणारे पेगासस उघडे पडले. ते बनवणारी कंपनी इस्रायलची एनएसओ ग्रुप. ॲपलने आयओएस 9.3.5 आणून त्या भेगा बुजवल्या.

त्यानंतर लिंक दाबण्याचीही गरज उरली नाही. 2019 मध्ये व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलमधली त्रुटी वापरली गेली, आणि कॉल उचलला नाही तरी काम होत असे. सुमारे 1400 जणांना लक्ष्य करण्यात आले. भीमा कोरेगाव प्रकरणाशी संबंधित वकील व कार्यकर्त्यांनाही व्हॉट्सॲपने तसे कळवले होते. 2021 मधला ‘फोर्स्डएन्ट्री’ हा हल्ला तर तंत्रज्ञांनाही थक्क करून गेला. आयमेसेजवर येणारी फाइल ‘जिफ’ असल्याचे भासवी, आत मात्र पीडीएफ होती. त्या पीडीएफमध्ये जुन्या फॅक्स-स्कॅनरच्या काळातले जेबिग2 हे चित्र आकसवण्याचे तंत्र होते. हल्लेखोरांनी त्यातल्या साध्या बिट-क्रियांच्या 70,000 हून अधिक आज्ञा रचून चित्र उलगडणाऱ्या कोडच्या पोटात एक छोटा संगणकच उभा केला होता. गुगलच्या ‘प्रोजेक्ट झीरो’ या त्रुटी शोधणाऱ्या पथकाने केलेले हे विश्लेषण वाचले की ‘अनोळखी लिंक दाबू नका’ हा सल्ला अशा हल्ल्यांपुढे का तोकडा पडतो ते कळते.

असा हेर सेटिंग्जमध्ये दिसत नाही. त्याचा माग फोनच्या बॅकअपमधल्या नोंदींवरून काढतात : कोणत्या प्रक्रियेने किती डेटा पाठवला, कोणत्या संकेतस्थळाशी संपर्क झाला. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने जुलै 2021 मध्ये यासाठी ‘मोबाइल व्हेरिफिकेशन टूलकिट’ खुले केले. ते संगणकावर आज्ञा टंकून चालवावे लागते, त्यामुळे जाणत्याच्या हातात शोभते. आणि अँड्रॉइडवर अशा नोंदी कमी टिकत असल्याने तिथे निष्कर्ष काढणे जास्त अवघड जाते. फोनधारकापर्यंत पोहोचणारा इशारा बहुधा ॲपलचाच असतो. ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस भारतातल्या अनेक विरोधी पक्षनेत्यांना आणि पत्रकारांना तो आला. महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेलेल्या प्रियांका चतुर्वेदी त्यांत होत्या. पुढे ॲम्नेस्टीच्या तपासणीत पत्रकार आनंद मंगनाळे यांच्या आयफोनमध्ये पेगाससशी जोडलेल्या हल्ल्याच्या खुणा सापडल्या. खरा इशारा लिंक दाबायला किंवा पासवर्ड द्यायला सांगत नाही. ॲपल खात्यात स्वतः लॉगिन केल्यावर तो पानाच्या माथ्यावर दिसतो. ज्यांना असा धोका आहे त्यांच्यासाठी आयओएस 16 पासून ‘लॉकडाउन मोड’ आहे. बहुतेक संलग्न फाइली, लिंकची पूर्वदृश्ये आणि अनोळखी फेसटाइम कॉल तो अडवतो. वापरताना गैरसोय होते, पण सप्टेंबर 2023 चा ‘ब्लास्टपास’ हल्ला त्याने रोखल्याचे ॲपलने सिटिझन लॅबला सांगितले. अँड्रॉइड 16 मध्ये ‘ॲडव्हान्स्ड प्रोटेक्शन’ आले आहे. अपडेट आल्या दिवशी करणे आणि फोन आठवड्यातून एकदा बंद-चालू करणे ही कामे मात्र सर्वांसाठीच आहेत. कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीने 2023 मध्ये उघड केलेल्या ‘ऑपरेशन ट्रँग्युलेशन’मधला हेर फोन पुन्हा चालू केला की नाहीसा होत असे, आणि हल्लेखोराला पुन्हा पहिल्यापासून घुसावे लागे.

कायद्याच्या बाजूने घरगुती हेरगिरी भारतात गुन्हाच आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 43 व 66 खाली परवानगीशिवाय फोनमधून माहिती काढण्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. स्त्रीच्या इंटरनेट व ईमेल वापरावर नजर ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 प्रमाणे पाठलागाचा गुन्हा आहे. विवाहाच्या नात्याने यातून आपोआप सूट मिळत नाही, पण तक्रार करायला येणारे कमीच. एनएसओविरुद्ध व्हॉट्सॲपने कॅलिफोर्नियात 2019 मध्ये दाखल केलेल्या दाव्यात ज्युरीने मे 2025 मध्ये सुमारे 16.8 कोटी डॉलरची भरपाई ठोठावली. न्यायाधीशांनी ऑक्टोबरमध्ये ती सुमारे 40 लाख डॉलरवर आणली, पण व्हॉट्सॲपला लक्ष्य करण्यास कंपनीला कायमची मनाई केली. भारतात पेगाससच्या आरोपांच्या चौकशीसाठी सर्वोच्च न्यायालयाने 27 ऑक्टोबर 2021 रोजी निवृत्त न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांच्या देखरेखीखाली तांत्रिक समिती नेमली. तपासलेल्या 29 पैकी पाच फोनांत घातक सॉफ्टवेअर सापडले, ते पेगाससच असल्याचे सिद्ध झाले नाही, आणि केंद्र सरकारने सहकार्य केले नसल्याचे समितीने कळवल्याचे न्यायालयाने ऑगस्ट 2022 मध्ये सांगितले. एप्रिल 2025 च्या सुनावणीत न्यायालयाने स्पष्ट केले, की देशाच्या सुरक्षेशी निगडित अहवाल रस्त्यावरच्या चर्चेचा विषय होऊ शकत नाही. आपला फोन लक्ष्य झाला होता का, हे विचारणाऱ्या व्यक्तींना कितपत माहिती देता येईल, याचा विचार करण्याची तयारी त्याने दाखवली.