लॅक्सटन

लॅक्सटन : इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशायर परगण्यातील एक लहान शेतकरी खेडे. मध्ययुगीन खुल्या शेतांची पद्धत आणि ती सांभाळणारे गावपंचांचे न्यायालय ही दोन्ही येथे आजही चालू आहेत.

वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड अशी गावाची तीन मोठी शेते आहेत. त्यांत कुंपण नाही. लांबट पट्ट्या एकमेकींना लागून असून एकाच कुळाच्या पट्ट्या वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेल्या असतात. परंपरेने एका शेतात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचे पीक, तर तिसरे पडीक, अशी फेरपालट चालत आली आहे. नांगर न चालणाऱ्या सखल जागी गवताळ पट्टे राखलेले आहेत. ते रानफुलांनी समृद्ध असून त्यांना कायद्याने संरक्षण आहे.

दरवर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस पंच गव्हाचे शेत पायी फिरून तपासतात. कोणी नांगर रस्त्यावर किंवा गवतात घातला असेल, तर खरी हद्द ठरवून तेथे खुंटी ठोकतात. पुढच्या आठवड्यात ‘डव्हकोट इन’ या गावच्या खानावळीत न्यायालय बसते आणि दंड ठरतो. रक्कम किरकोळ असते. खरा धाक शेजाऱ्यांसमोर नाव पुकारले जाण्याचा. १९७७ च्या कायद्यात जुनी न्यायालये मोडीत निघाली, तेव्हाही लॅक्सटनच्या न्यायालयाचे अधिकार कायम ठेवले गेले.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडभर शेतांना कुंपणे पडली. लॅक्सटनची जमीन मुख्यतः दोन जमीनदार घराण्यांत विभागलेली होती आणि त्यांचे वाटणीवर एकमत झाले नाही. पद्धत वाचली ती बऱ्याच अंशी यामुळे. मार्क पिअर्स याने १६३५ मध्ये केलेला गावाचा नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. त्यात प्रत्येक पट्टी तर आहेच, शिवाय नांगरणारी, कापणी करणारी माणसेही चितारलेली आहेत. सी. एस. ऑर्विन दांपत्याच्या ‘द ओपन फील्ड्स’ (१९३८) या ग्रंथाने गाव अभ्यासकांना परिचित केले.

शेते गावाबाहेर असल्याने लाल विटांची शेतघरे मुख्य रस्त्यालाच लागून उभी आहेत. खानावळीजवळ भटक्या गुरांचा जुना कोंडवाडा आहे. उत्तरेस नॉर्मन काळातील किल्ल्याचे मातीचे उंच टेकाड व खंदक उरले आहेत. १९५२ मध्ये सरकारच्या कृषी खात्याने लॅक्सटनची मालमत्ता विकत घेतली, १९८१ मध्ये ती राजसंपदेकडे गेली आणि २०२० मध्ये थोर्सबी इस्टेटकडे आली.