अतिथी, साथ आणि अभ्यासक्रम

‘हॉटेल’, ‘हॉस्पिटल’ आणि ‘हॉस्पिटॅलिटी’ हे तीनही शब्द एकाच लॅटिन मुळाचे आहेत. मध्ययुगीन युरोपातील मठांत वाटसरू आणि रुग्ण यांना एकाच छपराखाली आसरा मिळे. पॅरिसचे ‘ओतेल-द्यू’ नावाने ‘देवाचे हॉटेल’ असले तरी शतकानुशतके इस्पितळच आहे. पुढे या दोन वाटा वेगळ्या झाल्या. १८९३ साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथे हॉटेल व्यवसायाचे विद्यालय निघाले आणि आतिथ्य हा शिकवण्याचा विषय ठरला. भारतात १९५४ साली लीलावती मुनशी यांच्या पुढाकाराने मुंबईत अशी संस्था उभी राहिली. दादरचे केटरिंग कॉलेज म्हणून ती सर्वपरिचित आहे. १९८२ साली राष्ट्रीय परिषद स्थापन होऊन देशभरातील अशा संस्थांच्या अभ्यासक्रमांना एकसूत्रता आली.

या साऱ्या शिक्षणाने एक गोष्ट गृहीत धरली होती : पाहुणा येणारच. २५ मार्च २०२० पासूनच्या टाळेबंदीने नेमके हे गृहीतकच मोडले. त्या वर्षी जगातील आंतरराष्ट्रीय पर्यटकांची संख्या सुमारे तीन-चतुर्थांशाने घटली. हॉटेले बंद, त्यामुळे अभ्यासक्रमाचा कणा असलेले प्रत्यक्ष प्रशिक्षणही थांबले. फोडणी करपल्याचा वास पडद्यावरून येत नाही. थकून आलेल्या प्रवाशाचा चेहरा वाचण्याचा सरावही तेथे होत नाही. ज्याच्या घरी ओव्हन नाही, त्याने बेकरीचे प्रात्यक्षिक कसे करावे, हा प्रश्न तर निव्वळ विषमतेचा होता.

परंतु अडचण केवळ साधनांची नव्हती. साथीच्या काळात प्रवासी हा अतिथी न राहता संशयित होतो. मुंबईतील प्लेगनंतर आलेल्या १८९७ च्या साथरोग कायद्याने रेल्वेप्रवाशांची तपासणी करण्याचे आणि संशयितांना वेगळे ठेवण्याचे अधिकार सरकारला दिले. तोच कायदा २०२० च्या मार्चमध्ये महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला. ‘या, बसा’ म्हणण्याचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे ‘दूर राहा’ म्हणणारे जग उभे ठाकले.

त्याच वेळी जुने नातेही वर आले. पहिल्या महायुद्धात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलचे ६०० खाटांचे रुग्णालय झाले होते. एप्रिल २०२० मध्ये त्याच हॉटेलाच्या खोल्या कोविड रुग्णांची सेवा करणाऱ्या डॉक्टरांसाठी उघडल्या गेल्या. अनेक हॉटेलांत विलगीकरणाची सोय झाली. तेथील कर्मचारी जे करत होते ते आतिथ्यच होते. मात्र त्याचे धडे पाठ्यपुस्तकात क्वचितच होते.

ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, अशी आपल्याकडील पारंपरिक व्युत्पत्ती आहे. साथीलाही तिथी नसते. या अनुभवाचे प्रकरण अभ्यासक्रमात येईल तेव्हा ते ‘निर्जंतुकीकरण’ या मथळ्याखाली बसवणे सोपे जाईल. त्याची खरी जागा मात्र पहिल्याच धड्यात, ‘अतिथी कोण?’ या प्रश्नाशेजारी आहे.