अपक्ष की आझाद?

मराठीत ज्याला 'अपक्ष' म्हणतात, त्याला आमच्या मोहल्ल्यांत 'आझाद उमेदवार' म्हणतात. एकाच माणसाची ही दोन नावे. मराठी शब्द त्याच्याकडे काय नाही ते सांगतो, उर्दू शब्द त्याच्याकडे काय आहे ते सांगतो. पक्ष म्हणजे पंखही. तेव्हा अपक्ष म्हणजे पंख नसलेला, असा विनोदही कुणी करील. निवडणूक आली की आपल्या वस्तीत असे चार-सहा जण उभे राहतात. त्यांतल्या काहींकडे आपण कौतुकाने पाहतो, काहींकडे संशयाने. 'मते खायला उभा केलाय' हे वाक्य तर अर्ज भरायच्या दिवसापासूनच ऐकू येते. या माणसाचा इतिहास मात्र फारसा कुणी सांगत नाही. तो थोडा सांगावा असे आम्हांला वाटते, कारण आपल्यापैकी अनेकांना सार्वजनिक जीवनात शिरायला हाच एक दरवाजा उघडा राहिला आहे.

सुरुवात मुंबईपासून करावी लागेल. १८६५ च्या कायद्याने मुंबईचा कारभार जस्टिसेस ऑफ द पीस या सरकारनियुक्त प्रतिष्ठितांच्या नावावर होता. प्रत्यक्षात तो आर्थर क्रॉफर्ड या म्युनिसिपल कमिशनरच्या हातात होता. क्रॉफर्डने शहरात कामे पुष्कळ केली आणि पैसाही पुष्कळ उधळला. १८७१ मध्ये करदात्यांनी त्याच्याविरुद्ध मोठी ओरड केली आणि तीतून १८७२ चा कायदा आला. त्यानुसार ६४ सभासदांची कॉर्पोरेशन झाली. त्यांपैकी १६ सरकारने नेमायचे, १६ जस्टिसेसनी निवडायचे आणि निम्मे, म्हणजे ३२, करदात्यांनी निवडायचे. मत कुणाला? वर्षाला ५० रुपये किंवा अधिक कर भरणाऱ्याला. म्हणजे चाळीतला माणूस, गिरणीतला माणूस, गोदीवरचा खलाशी सगळे बाहेर. ही लोकशाही नव्हती हे उघड आहे. पण सरकारने नेमलेला आणि शेजाऱ्यांनी निवडलेला असे दोन प्रकारचे सभासद एका सभागृहात शेजारीशेजारी बसू लागले, ही गोष्ट लहान नव्हती.

१८७३ मध्ये ही कॉर्पोरेशन अस्तित्वात आली आणि तिच्यात बदरुद्दीन तय्यबजी निवडून गेले. १८६७ मध्ये बॅरिस्टर होऊन आलेला, तिशीही न गाठलेला हा सुलेमानी बोहरा तरुण पुढे १८८७ मध्ये मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचा अध्यक्ष झाला. १८९५ मध्ये हायकोर्टाचा न्यायाधीश झाला. आपल्याकडे त्यांची आठवण काढली जाते ती काँग्रेसचे पहिले मुस्लिम अध्यक्ष म्हणून आणि अंजुमन-ए-इस्लामचे एक संस्थापक म्हणून. त्यांच्या सार्वजनिक जीवनाची पहिली पायरी म्युनिसिपालिटी होती, हे सहसा कुणी सांगत नाही. आणि १८७३ मध्ये काँग्रेस जन्मलेली नव्हती, लीगही नव्हती. तिकीट हा शब्द तेव्हा आगगाडीचा होता. जो उभा राहिला तो स्वतःच्या नावावर उभा राहिला. आजच्या भाषेत बोलायचे तर त्या सभागृहात निवडून आलेले सगळेच अपक्ष होते.

याच काळात पुण्याच्या नगरपालिकेत, १८७६ पासून काही वर्षे, महात्मा फुले सभासद होते, पण निवडून आलेले नव्हे, सरकारने नेमलेले. तरीही व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी नगरपालिकेने खर्च करण्याचा प्रस्ताव आला तेव्हा नेमलेल्या सभासदांत एकट्या फुल्यांनी विरोधात मत दिले. ज्याने नेमले त्याच्याच मर्जीविरुद्ध हात वर करणारा माणूस अपक्ष म्हणावा की नाही? कायद्याच्या व्याख्येत तो बसत नाही. पण त्या एका हाताची आठवण अजून राहिली आहे. बाकीच्या हातांची नाही.

१८ मे १८८२ च्या लॉर्ड रिपनच्या ठरावाने स्थानिक स्वराज्य हे लोकांच्या राजकीय शिक्षणाचे साधन ठरवले. १८८८ च्या कायद्याने मुंबईची कॉर्पोरेशन ७२ सभासदांची झाली आणि त्यांपैकी ३६ वॉर्डांतून येऊ लागले. वॉर्डाचे वैशिष्ट्य असे की तिथे मत मागायला शेजाऱ्याच्याच दारात जावे लागते, मग तो शेजारी पारशी असो, भाटिया असो की कोकणी मुसलमान. १९०९ च्या सुधारणांनी कायदेमंडळांसाठी मुसलमानांना स्वतंत्र मतदारसंघ दिले, तेव्हा हा नियम वरच्या सभागृहांत मोडला. मुसलमानाने मुसलमानाकडेच मत मागायचे. त्याचे फायदे-तोटे यांवर आजवर पुरेशी शाई खर्च झाली आहे. आम्ही त्यात भर घालत नाही. आमचा मुद्दा वेगळा आहे. अशा मतदारसंघात उभा राहणारा माणूस स्वतःच्या नावावर उभा राहिला तरी कौमेचा उमेदवार ठरतो. त्याला 'आझाद' म्हणता येत नाही.

पक्ष म्युनिसिपालिटीत आले ते १९२० नंतर. १९२४ मध्ये कलकत्त्याला चित्तरंजन दास महापौर झाले आणि हुसेन शहीद सुऱ्हावर्दी उपमहापौर. अलाहाबादेत जवाहरलाल नेहरू, अहमदाबादेत वल्लभभाई पटेल नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. खुद्द मुंबईतही पक्षाच्या नावाने गट उभे राहिले. आणि मगच 'इंडिपेंडंट' या शब्दाला अर्थ आला. पक्षच नव्हते तेव्हा अपक्ष हे नाव कोण देणार? गंमत म्हणजे त्याच वर्षांत मध्यवर्ती कायदेमंडळात जीनांनी ज्यांचे नेतृत्व केले त्या गटाचे नावच 'इंडिपेंडंट' होते. पक्ष नसलेल्यांचा पक्ष! असो.

मुंबईत सर्व प्रौढांच्या मतावर कॉर्पोरेशनची पहिली निवडणूक झाली १९४८ मध्ये. पुढे १९५० च्या राज्यघटनेने स्वतंत्र मतदारसंघ कायमचे मिटवले. आता चाळीतल्या माणसालाही मत होते आणि मुसलमान उमेदवाराला पुन्हा सर्वांच्या दारात जायचे होते. पण मधल्या काळात दार बदलले होते. दाराआधी पक्षाचे कार्यालय लागत होते. फाळणीनंतरच्या भीतीच्या वातावरणात महाराष्ट्रातील मुसलमानांनी बहुतेक ठिकाणी काँग्रेसचा आसरा धरला, आणि काँग्रेसने त्यांना तिकीट दिले ते मोहल्ल्याची डोकी मोजून. जिथे आपली वस्ती दाट तिथे आपला उमेदवार, बाकी ठिकाणी आपण फक्त मतदार. इतर पक्षही पुढे हेच शिकले. कायद्याने मिटवलेला स्वतंत्र मतदारसंघ तिकीटवाटपाच्या बैठकीत मागच्या दाराने परत आला, असे आम्हांला वाटते.

अपक्षाची गरज इथूनच सुरू झाली. एका वॉर्डात तिकीट एकच असते आणि मागणारे आठ. सात जण उरतात. त्यांतला कुणी रागाने अर्ज भरतो, कुणाला बिरादरी उभा करते, कुणाला समोरचा पक्ष गुपचूप पैसे देऊन उभा करतो. आणि कधीतरी, अगदी कधीतरी, नळाला पाणी येत नाही म्हणून वीस वर्षे अर्ज लिहून देणारा, रात्री-अपरात्री दवाखान्यात सोबत येणारा, मयतीला सर्वांआधी पोचणारा एखादा माणूस लोकांच्या आग्रहाने उभा राहतो. मतपत्रिकेवर या सर्वांची ओळख एकच: अपक्ष. पतंग, कपबशी, शिटी, नारळ यांपैकी एक निशाणी त्याला अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यावर मिळते आणि मतदानाला मोजके दिवस उरलेले असतात. पक्षाची निशाणी आजोबांपासून ओळखीची. याची निशाणी पंधरवड्यात ओळखीची करायची. मराठवाड्यात तर एमआयएमची नोंदलेली निशाणी म्हणून पतंग त्याच्या हातूनही गेला. २०१२ मध्ये नांदेडला त्या पक्षाने ११ आणि २०१५ मध्ये औरंगाबादला २५ जागा घेतल्या. त्यानंतर मोहल्ल्यातल्या आझाद उमेदवाराची जागा तिथे पुष्कळ आक्रसली. हे चांगले की वाईट, यावर आपल्यात मतभेद आहेत आणि राहतील.

तरीही तो निवडून येतो. खरा पेच त्यानंतरचा आहे आणि तो कायद्याने घातलेला आहे.

महापौराच्या निवडणुकीआधी नगरसेवकांना जीपगाड्यांत घालून 'सहली'वर नेण्याची पद्धत वाचकांना ठाऊक आहेच. अशा सहलीत सर्वांत महाग प्रवासी अपक्ष. १९८५ मध्ये संसद आणि विधानसभांसाठी पक्षांतरबंदी आली आणि पाठोपाठ महाराष्ट्राने स्थानिक संस्थांसाठी १९८६ चा सदस्य अनर्हता कायदा केला. पक्षाचा नगरसेवक पक्षादेश मोडील तर त्याचे पद जाईल, हे सर्वांना माहीत असते. अपक्षाबाबतचे कलम मात्र अनेक अपक्षांनाही माहीत नसते. जो पक्षाविना निवडून आला त्याने नंतर एखाद्या पक्षात किंवा आघाडीत प्रवेश केला, तर त्याचेही सदस्यत्व जाते. लोकांनी ज्या रूपात निवडले त्याच रूपात राहा, हा त्यामागचा विचार. विचार योग्यच आहे. पळवाटही लगेच सापडली. प्रवेश करायचा नाही, 'पाठिंबा' द्यायचा. २०१७ मध्ये मुंबईत २२७ पैकी शिवसेनेला ८४ आणि भाजपला ८२ जागा मिळाल्या, तेव्हा ५ अपक्षांच्या दारापुढे किती गाड्या थांबल्या असतील याची कल्पना करावी.

पण पाठिंब्याचा बाजार हा या गोष्टीचा एक भाग झाला. जो अपक्ष विकला जाणार नाही असे ठरवून आला आहे, त्याचे काय? महापालिकेचा पैसा हलतो स्थायी समितीत. मुंबईबाहेरच्या महापालिकांत तिच्यावर १६ सदस्य असतात आणि ते पक्षांच्या तौलनिक संख्याबळावर घेतले जातात. ८० जणांचे सभागृह धरले तर पाच नगरसेवकांमागे एक जागा. एकट्याच्या वाट्याला पाचाचा एक भाग येतो, आणि पाचाचा एक भाग समितीत बसू शकत नाही. स्वीकृत सदस्यांच्या नेमणुकीतही हेच गणित. म्हणून कायद्याने वाट ठेवली की निकालानंतर एका महिन्याच्या आत गट किंवा आघाडी करून ती नोंदवता येते. महापालिकेत विभागीय आयुक्तांकडे, नगरपरिषदेत जिल्हाधिकाऱ्यांकडे. नोंदवली की समितीचे दार उघडते. पण त्याच क्षणी पक्षांतराचा कायदाही लागू होतो, आघाडीच्या गटनेत्याचा आदेश मानावा लागतो. म्हणजे आझाद राहायचे तर समिती नाही, समिती हवी तर आझादी नाही. आमच्या पाहण्यातल्या एका नगरपरिषदेत एक अपक्ष पाच वर्षे एकटे बसले. त्यांच्या प्रभागातले गटार झाले नाही. मात्र इतर प्रभागांतल्या गटारांच्या बिलांवर त्यांनी जे प्रश्न विचारले, त्यांची उत्तरे द्यायला मुख्याधिकाऱ्यांना फायली घेऊन यावे लागत असे. पुढच्या निवडणुकीत लोकांनी त्यांना पाडले. लोकांचेही चुकले असे म्हणवत नाही. गटार त्यांच्याच दारातून वाहत होते.

ग्रामपंचायतीत उलट चित्र आहे. तिथे पक्षांच्या निशाण्यांवर निवडणूक होतच नाही. कायद्याच्या दृष्टीने गावातला प्रत्येक उमेदवार अपक्षच. रत्नागिरी-रायगडच्या आपल्या गावांत उमेदवार बहुधा जमातीच्या बैठकीत ठरतो. अर्धा खर्च आखातातून येतो. आणि तडजोड झाली तर निवडणूक बिनविरोध होते. पॅनेलला ग्रामदैवताचे नाव असते, मागे पक्षाचा तालुकाध्यक्ष असतो आणि हे सर्वांना माहीत असते. तरीही आम्हांला वाटते की निशाणी नसल्याने एक फरक पडतो. मोहल्ल्यातल्या माणसाला वाडीतल्या कुणब्याकडे जाऊन 'मला मत दे' असेच म्हणावे लागते, 'याला मत दे' असे म्हणून निशाणी दाखवता येत नाही.

बायकांची गोष्ट इथेच सांगायला हवी. महाराष्ट्राने १९९० मध्ये ३० टक्के, पुढे ७४ व्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांश आणि २०११ मध्ये निम्म्या जागा स्त्रियांना दिल्या. इतर मागासवर्गीयांच्या यादीत बागवान, मोमीन, तांबोळी, अत्तार, पिंजारी अशा आपल्या जमाती आहेत, त्यामुळे २७ टक्क्यांच्या आरक्षणातून आपल्या बायकांनाही जागा उघडल्या. ज्या घरातली बाई मतदानाशिवाय घराबाहेर पडत नव्हती तिच्या नावाचे फलक चौकात लागले. फलकावर फोटो नवऱ्याचा. पक्षाने उभी केलेली बाई पक्षाच्या खोलीत नवऱ्यामागे बसते. एकदा निवडून आल्यावर ज्यांना पक्षाने पुन्हा तिकीट नाकारले आणि ज्या मग स्वतःच्या नावावर उभ्या राहिल्या, त्यांच्यात मात्र आम्ही वेगळा कणखरपणा पाहिला आहे. त्या जिंकल्या असे नाही. फलकावर फोटो त्यांचा होता.

आणि आता प्रभाग. मुंबईत एका वॉर्डातून एकच नगरसेवक येतो. राज्यातल्या इतर महापालिकांत मात्र २००२ मध्ये तीन सदस्यांचे प्रभाग झाले, २००७ मध्ये पुन्हा एकाचे, २०१२ मध्ये दोनाचे आणि २०१७ मध्ये चाराचे. प्रत्येक वेळी सोय कुणाची झाली हे सांगायला नको. एका मोहल्ल्याचा वॉर्ड असतो तेव्हा अपक्ष पायी फिरून घरोघर पोचतो. चार वॉर्ड जोडले की मतदार कित्येक हजारांनी वाढतात, मोहल्ला त्यात एक कोपरा होतो, आणि समोर चार जणांचे पॅनेल, एक निशाणी, एक खर्च. २०२२ पासून बहुतेक महापालिकांची मुदत संपून प्रशासकाचा कारभार आला. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात होता, निवडणुका लांबत गेल्या, आणि जवळपास चार वर्षे पक्षाचाही नगरसेवक नव्हता आणि अपक्षही. १५ जानेवारी २०२६ ला मतदान झाले तेही बहुतेक ठिकाणी चार सदस्यांच्या प्रभागांतच.

चार सदस्यांच्या प्रभागात मतदाराला अ, ब, क, ड अशा चारही जागांसाठी बटण दाबायचे असते. पक्षाचा कार्यकर्ता एका वाक्यात सांगतो, 'चारही ठिकाणी आपलीच निशाणी.' अपक्षाला सांगावे लागते की 'ब'मध्ये माझी कपबशी, बाकी तिन्ही तुमच्या मर्जीने. म्हाताऱ्या खालाजानला ते समजावे म्हणून तो पुठ्ठ्यावर यंत्राचे चित्र काढून घरोघर फिरतो, आणि खालाजान विचारते, 'बेटा, मग बाकीची तीन कुणाला देऊ?'