पाक, हलवा आणि कोयता

मंडळी, आजचा विषय साखरेचा पाक. तत्त्वज्ञानाचा माणूस स्वयंपाकघरात कशाला शिरला, असं काहींना वाटेल. पण आपल्या दर्शनांत 'पाक' शब्दावर मोठा वाद झालेला आहे. कच्चं मडकं भट्टीत काळ्याचं लाल होतं. हा बदल अख्ख्या मडक्यात होतो की त्याच्या एकेका अणूत? नैयायिक म्हणाले, अख्ख्या मडक्यात, तो पिठरपाक. वैशेषिक म्हणाले, अणूत, तो पीलुपाक. हे लक्षात असू द्या, शेवटी लागेल.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात फाणित, गूळ, मत्स्यंडिका, खंड, शर्करा असे उसाचे पदार्थ एकाच वर्गात मोजलेत. रस तोच, किती आटवला, किती निवळला, त्यावर नाव बदलतं. शर्करा म्हणजे मुळात बारीक खडे. हाच शब्द फारसीत शकर, अरबीत सुक्कर होत युरोपात पोचला. इ.स. ६४७ मध्ये चीनच्या ताइझोंग सम्राटानं साखर करायची रीत शिकायला मगधात माणसं पाठवली. तिकडे शरदातल्या पौर्णिमेला मूनकेक करतात. त्याच्या पारीसाठी साखरेच्या पाकात लिंबू पिळून तो मंद आचेवर शिजवतात. आंबटानं साखर पुन्हा दाणेदार होत नाही. आपल्याकडे चिरोट्याच्या पाकात लिंबू पिळतात, ते याचसाठी.

संक्रांतीच्या हलव्याचं उलट आहे. तिथं साखर फिरायलाच हवी. पाकात चमचाभर दूध घालून मळी काढायची, शेगडीवरच्या परातीत तीळ घ्यायचे, थोडा थोडा पाक सोडत हातानं फिरवत राहायचं. थरावर थर चढतो, काटे येतात. हे तासन् तास, कधी दोन-तीन दिवस चालतं. मग त्याचे दागिने नव्या नवरीला आणि बोरन्हाणातल्या बाळाला.

आता ही साखर येते कुठून? १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाला. पुढं कारखाने वाढत गेले. तोडीला माणसं गेली ती आपल्या बीडसारख्या कोरडवाहू जिल्ह्यातून. मुकादमाकडून उचल घ्यायची, दिवाळीच्या आसपास निघायचं, कोपीत राहायचं. नवरा-बायको मिळून हिशोबात एक 'कोयता'. बाईला वेगळं नावच नाही! घरोघरी हलव्यावर काटे येतात, तेव्हा ती फडात असते.

२०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढं बीडच्या ऊसतोड महिलांची पाहणी आली. ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. काम बुडालं तर खाडा, म्हणजे दंड. फडावर पाणी नाही, आडोसा नाही. त्यात दवाखान्यात घातलेली कर्करोगाची भीती. अशी कारणं पुढं आली.

साखरेचा हिशोब आपण पिठरपाकानं मांडतो : इतके टन गाळप, इतका उतारा. अख्खं मडकं लाल झालं, झालं काम! एकेका अणूचं काय झालं, ते त्यात दिसत नाही. बीडचा इतिहास लिहायचा तर पीलुपाकाच्या बाजूनं लिहावा लागेल, एकेका बाईपासून. पाडव्याच्या सुमाराला कोयते गावी परततात, तेव्हा गुढीला साखरेची गाठी बांधलेली असते. ती उतरवताना एवढा विचार करावा, इतकंच माझं म्हणणं आहे.