काठी, सावली आणि दक्षिणेचं दार

बचत गटाच्या बैठकीत दोन प्रश्न हमखास निघतात. होकायंत्र नव्हतं तेव्हा लोक दिशा कशी ठरवायचे? आणि दक्षिणेला दार असलं तर घराला खरंच बाधतं का? दुसऱ्या प्रश्नापायी काही जणी गटातून कर्ज काढून नव्या घरकुलाचं दार फोडायला निघतात. म्हणून आज दोन्ही प्रश्नांवर बोलू.

आधी दिशा. सूर्य पूर्वेला उगवतो म्हणतात, पण अगदी नेमका पूर्वेला तो वर्षातून दोनदाच उगवतो, २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या सुमारास. एरवी तो थोडा उत्तरेला नाहीतर दक्षिणेला सरकलेला असतो. म्हणून जुनी माणसं सावली धरून दिशा काढत. सपाट अंगणात एक काठी सरळ रोवायची. तिला शंकू म्हणत. काठीला दोरी लावून भोवती गोल काढायचा. सकाळची लांब सावली आखडत येते. तिचं टोक पश्चिमेकडे गोलाला टेकलं की तिथे खडा ठेवायचा. दुपारनंतर सावली वाढत पूर्वेकडे गोलाला टेकते, तिथे दुसरा खडा. दोन खडे दोरीने जोडले की पूर्व-पश्चिम रेघ तयार! कात्यायनाच्या शुल्बसूत्रात, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथात, ही रीत दिली आहे.

शंकू बारा अंगुळांचा धरत. २१ मार्चला भर दुपारी पुण्यात त्याची सावली जवळजवळ ४ अंगुळं पडते. गाव जितकं उत्तरेला, तितकी ही सावली लांब. ११५० च्या सुमारास भास्कराचार्यांनी ‘लीलावती’ ग्रंथात सावलीची गणितं घातली. लीलावती ही त्यांची लेक, असं परंपरेनं सांगतात. म्हणजे हे गणित लेकीबाळींनाही शिकण्याजोगंच आहे.

आता दार. स्वारगेटला एसटीतून उतरून शिवाजी रस्त्याने उत्तरेकडे सरळ गेलं की शनिवारवाडा लागतो. १७३० साली त्याचा पाया घातला. त्याचा मोठा दिल्ली दरवाजा उत्तरेला आहे, पण दक्षिणेलाही एक दार आहे, नारायण दरवाजा. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि त्यांचं प्रेत त्या दाराने नेलं, म्हणून ते नाव पडलं. कुणी म्हणेल, बघा, दक्षिणेचं दार! पण बायांनो, नारायणरावांना मारलं ते माणसांनी, गादीच्या भांडणात. दारानं नव्हे.

जुन्या वाड्यांच्या मधोमध मोकळा चौक असे, भोवती ओसरी, आत माजघर. वीज नसताना उजेड आणि वारा चौकातूनच घरभर फिरे. आपल्याकडे मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो, बाकी सारं वर्ष दक्षिणेला. त्यामुळे थंडीत कोवळं ऊन दक्षिणेच्या दारातूनच घरात येतं. मावळतीची भिंत मात्र उन्हाळ्यात तापते आणि पावसाची झडही बहुतेक तिकडूनच येते.

तेव्हा घर बांधताना विचारायचं ते हे: ऊन कुठून येतं, झड कुठून लागते, चुलीचा धूर कुठून जाईल? उत्तर हवं तर अंगणात काठी रोवा आणि एक दिवस सावली बघा, लेकीलाही सोबत घ्या. याला पैसा लागत नाही. कर्ज काढायचंच तर खिडकीसाठी काढा, न्हाणीघरासाठी काढा. भीतीपायी भिंत फोडायला नको.