वेतन, कौशल्य आणि कर्णधारपद : पालवणकर बाळू यांच्या क्रिकेट कारकिर्दीचा सामाजिक अन्वयार्थ

प्रस्तावना

क्रीडेचा इतिहास हा आपल्याकडे बहुधा विक्रमांचा इतिहास म्हणून लिहिला गेला. खेळाडूने किती धावा काढल्या, किती बळी घेतले यांची नोंद राहिली. परंतु तो खेळाडू उदरनिर्वाह कशावर करीत होता, त्याला खेळण्याचा मोबदला कोण देत होते आणि मोबदला घेणाऱ्या माणसास समाजात कोणते स्थान होते, हे प्रश्न दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले. रामचंद्र गुहा यांच्या लेखनाने या प्रश्नांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. प्रस्तुत निबंधात पालवणकर बाळू या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाच्या कारकिर्दीचा याच दृष्टीने विचार केला आहे. खेळण्याचा अधिकार, सहभोजनाचा अधिकार आणि नेतृत्वाचा अधिकार हे तीन भिन्न अधिकार असून कौशल्याच्या बळावर पहिला मिळाला तरी उरलेले दोन आपोआप मिळत नाहीत, हे या निबंधाचे मुख्य प्रतिपादन आहे.

मोबदल्याचा खेळ : तुलनात्मक पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोबदला घेऊन खेळणे ही गोष्ट पाश्चात्त्य जगतातही कमी प्रतिष्ठेची मानली जात असे. इंग्लंडमध्ये हौशी खेळाडू 'जेंटलमन' आणि वेतन घेणारा केवळ 'प्लेअर' समजला जाई. दोघांच्या पोशाखाच्या खोल्या वेगळ्या, मैदानात उतरण्याची दारेही अनेक ठिकाणी वेगळी. हा भेद १९६२ मध्ये अधिकृतपणे संपुष्टात आला. अमेरिकेत १८९२ साली विल्यम हेफेलफिंगर यास एका फुटबॉल सामन्यासाठी पाचशे डॉलर देण्यात आले आणि तेथील व्यावसायिक फुटबॉलचा आरंभ या घटनेपासून मानला जातो. पुढे त्याच खेळात फ्रिट्झ पोलार्ड हा कृष्णवर्णीय खेळाडू १९२१ मध्ये ॲक्रन संघाचा प्रशिक्षक झाला. परंतु १९३४ ते १९४५ या काळात तेथील राष्ट्रीय साखळीत एकही कृष्णवर्णीय खेळाडू दिसत नाही. कौशल्याने उघडलेले दार पुन्हा बंद होऊ शकते, हे यावरून दिसते. भारतात वर्ग आणि वंश यांची जागा जातीने घेतली होती.

मैदानावरील नोकर

बाळू यांचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाड येथे चर्मकार कुटुंबात झाला. त्यांचे आडनाव कोकणातील पालवण या मूळ गावावरून आले. वडील लष्कराच्या नोकरीत असल्याने कुटुंब पुण्यास आले. पुण्यातील पारशी क्रिकेट क्लबच्या मैदानावर झाडलोट करणे व खेळपट्टीवर रोलर फिरविणे हे बाळू यांचे पहिले काम. वेतन दरमहा तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना जिमखान्यात दरमहा चार रुपयांवर रुजू झाले. येथे खेळपट्टी तयार करणे, जाळी उभारणे यांबरोबरच सभासदांना सरावासाठी गोलंदाजी टाकणे हे काम त्यांच्याकडे आले. जे. जी. ग्रेग हा त्या काळातील नामांकित फलंदाज आपणास बाद केल्यास प्रत्येक वेळी आठ आणे देत असे, अशी आठवण नमूद आहे.

या व्यवस्थेचे एक वैशिष्ट्य लक्षणीय आहे. बाळू यांना तासन्‌तास गोलंदाजी करण्याची मुभा होती, फलंदाजीची मात्र नव्हती. गोलंदाजी हे श्रम आणि फलंदाजी हा मानाचा भाग, अशी विभागणी साम्राज्याच्या क्रीडासंस्कृतीत रुजलेली होती. बाळू यांची अचूकता या श्रमातूनच घडली. त्यांना आधुनिक अर्थाने 'व्यावसायिक' म्हणावे काय, असा आक्षेप घेता येईल. कारण त्यांच्याशी खेळाडू म्हणून करार झालेला नव्हता. तथापि प्रथम मैदानावरील चाकरी आणि नंतर लष्करी पलटण व रेल्वेतील नोकरी या साऱ्यांमागे त्यांची गोलंदाजी होती. म्हणून त्यांना वेतनावर खेळणाऱ्या खेळाडूंच्या परंपरेतच ठेवणे योग्य ठरेल.

संघात प्रवेश, पंक्तीत नाही

युरोपियनांना आव्हान देऊ पाहणाऱ्या पुण्याच्या हिंदू संघास बाळू यांची गरज भासू लागली आणि मतभेदांनंतर त्यांना प्रवेश मिळाला. मैदानावर सवर्ण खेळाडू त्यांनी टाकलेलाच चेंडू हाताळीत. परंतु चहाच्या वेळी बाळू यांना मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात चहा दिला जाई आणि भोजनासाठी त्यांचे पान निराळे मांडले जाई. एकच चेंडू दोघांच्या हातात चालतो, एकच पेला मात्र चालत नाही, ही विसंगती तत्कालीन सुधारकांच्याही नजरेतून सुटली नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाळू मुंबईस आले. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात त्यांच्या प्रवेशास काही सभासदांचा विरोध झाला. तो मोडून काढण्यात कर्णधार कीर्तिकर यांचा वाटा होता. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला. या संघात बाळू यांच्यासमवेत त्यांचे बंधू शिवराम हेही होते. स्वदेशीच्या वातावरणात या विजयास राष्ट्रीय अर्थ प्राप्त झाला. १९०५ मधील जपानच्या रशियावरील विजयानंतर आशियात जी आत्मविश्वासाची भावना निर्माण झाली होती, तिच्याशीही या घटनेची सांगड घातली गेली.

१९११ सालचा इंग्लंड दौरा हा बाळू यांच्या कारकिर्दीचा कळस होय. पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालील या संघाची एकूण कामगिरी निराशाजनक झाली. प्रथम दर्जाच्या चौदा सामन्यांपैकी दोनच जिंकता आले. परंतु बाळू यांनी दौऱ्यातील सर्व सामन्यांत मिळून ११४ बळी सरासरी १८.८४ ने घेतले. परतल्यावर मुंबईतील अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या प्रसंगीचे मानपत्र तरुण भीमराव आंबेडकर यांनी लिहिल्याचे अभ्यासक नोंदवितात.

कर्णधारपदाचा प्रश्न

इतक्या कामगिरीनंतरही हिंदू संघाचे कर्णधारपद बाळू यांना मिळाले नाही. मोबदल्यावर वा गुणवत्तेवर गोलंदाज मिळविता येतो. परंतु कर्णधार मान्य करणे म्हणजे त्याची आज्ञा मान्य करणे होय, आणि खरी अडचण तेथे होती. कर्णधार एम. डी. पै यांनी हा मान ज्येष्ठ या नात्याने बाळू यांचा असल्याचे जाहीरपणे म्हटले होते. तरीही १९२० मध्ये पै आजारी असताना नेतृत्व दि. ब. देवधर यांच्याकडे सोपविण्यात आले व बाळू यांना वगळण्यात आले. त्यांचे बंधू विठ्ठल आणि शिवराम यांनी निषेध म्हणून संघातून माघार घेतली. खेळाडूंनी जातिभेदाविरुद्ध जाहीरपणे केलेली ही कृती भारतीय क्रीडेतिहासात विशेष महत्त्वाची आहे. परिणामी अंतिम सामन्यासाठी बंधू परतले, बाळू यांना उपकर्णधार करण्यात आले आणि पै मैदानाबाहेर गेले असता काही काळ त्यांनी संघाचे नेतृत्व केले. १९२३ मध्ये विठ्ठल हे कर्णधार झाले व त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदू संघाने युरोपियनांना नमविले. थोरल्या भावास नाकारलेले पद धाकट्यास मिळाले. हा विजय केवळ कौशल्याचा नसून संघटित निषेधाचाही होता.

निवृत्तीनंतर

प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, सरासरी १५.२१, ही बाळू यांची नोंद. निवृत्तीनंतर ते सार्वजनिक जीवनात उतरले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची स्वाक्षरी आहे. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. सुमारे दोन हजार मतांनी ते पराभूत झाले. ज्यांनी एकेकाळी आदर्श मानले त्यांच्याच विरोधात उभे राहण्याचा हा प्रसंग केवळ व्यक्तिगत नाही. हिंदू समाजांतर्गत सुधारणेवर विश्वास ठेवणारा मार्ग आणि स्वतंत्र राजकीय शक्ती उभारणारा मार्ग यांतील तो संघर्ष होता. बाळू यांचा विश्वास त्यांच्या स्वतःच्या अनुभवातून आला होता. परंतु त्याच अनुभवात चहाचे मातीचे भांडेही होते. जुलै १९५५ मध्ये त्यांचे मुंबईत निधन झाले.

समारोप

बाळू ज्या पुणे-मुंबई लोहमार्गाच्या काळात घडले, त्याच मार्गावर बदलापूर, अंबरनाथ व उल्हासनगर ही आपली शहरे वसली आहेत. विसाव्या शतकात या पट्ट्यात कारखाने, आयुधनिर्माणी व रेल्वे यांच्या आश्रयाने श्रमिकांची वस्ती वाढली. खेळामुळे नोकरी मिळविणारे, पण ज्यांची नोंद कोठेही झालेली नाही, अशा खेळाडूंच्या आठवणी मौखिक इतिहासाच्या पद्धतीने संकलित करणे हे येथील महाविद्यालयांच्या इतिहास व समाजशास्त्र विभागांना सहज हाती घेता येईल असे कार्य आहे. विठ्ठल पालवणकरांनी 'माझे क्रीडा-जीवन' लिहिले म्हणून या कुटुंबाचा अनुभव आपल्यापर्यंत पोहोचला. धावफलकावर बळींची संख्या राहते. चहा कोठे दिला गेला हे तेथे लिहिलेले नसते. ते लिहून ठेवणे हे इतिहासकाराचे काम आहे.