वेचक: एका नावाची कुळकथा

दिवाळीच्या सुमारास बीडहून नारायणगडाची वाट धरली, की पऱ्हाटीत कमरेला ओटी बांधून वाकलेल्या बाया दिसतात. उमललेलं बोंड दिसलं की हात जातो आणि कापूस ओटीत पडतो. डागाळलेला, किडका कापूस म्हणजे कवडी. तो वेगळा ठेवायचा. हिरव्या बोंडाला बोटही लागत नाही. पारखणं आणि उचलणं या हातांत एकाच क्षणी होतं. शरीरशास्त्रातल्या एका अवघडलेल्या इंग्रजी नावाला मराठी प्रतिशब्द मला या वेचणीतच मिळाला. ते नाव म्हणजे ‘स्कॅव्हेंजर रिसेप्टर’.

स्कॅव्हेंजर हा शब्द आज झाडूवाल्याचा आहे, पण त्याचा जन्म जकातनाक्यावर झाला. मध्ययुगीन लंडनमध्ये परक्या व्यापाऱ्यांनी विकायला मांडलेल्या मालावर ‘स्कॅव्हेज’ नावाचा कर असे आणि तो वसूल करणारा तो ‘स्कॅव्हेजर’. मुळातल्या क्रियापदाचा अर्थ पाहणं, तपासणं. पुढे रस्ते स्वच्छ ठेवून घेण्याचं कामही याच अधिकाऱ्याच्या गळ्यात पडलं. हळूहळू तपासणी गेली, कचरा उरला.

शरीरविज्ञानात हे नाव आलं ते कोलेस्टेरॉलच्या कोड्यातून. काही घराण्यांत एलडीएल, म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहणारे कण, पेशीत घेणारा नेहमीचा ग्राही (रिसेप्टर) जन्मतःच सदोष किंवा गैरहजर असतो. मग त्यांच्या रक्तवाहिन्यांतल्या मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी कोलेस्टेरॉलने फुगतात कशा? दार नाही, तरी घर भरलेलं! अमेरिकेत डॅलस इथे जोसेफ गोल्डस्टीन, वाय. के. हो, संदीप बसू आणि मायकेल ब्राउन यांनी १९७९ मध्ये याची वाट दाखवली. ताजे कण भक्षक पेशी फारसे घेत नाहीत. पण त्याच कणांवर ॲसिटिल गट चढवला, त्यांचा धनभार कमी झाला, की त्या पेशी ते कण अधाशासारखे गिळतात. म्हणजे बिघडलेला माल ओळखणारं दार वेगळंच होतं. शरीरात हा बिघाड मुख्यतः ऑक्सिडीकरणाने होत असावा, हे पुढे उमगलं. हे दार पोट भरलं तरी मिटत नाही. म्हणून पेशी फेसाळते आणि धमनीत थर साचू लागतो.

संदीप बसू भारतात परतले आणि त्यांनी हा दोषच उपयोगी आणला. काळ्या आजाराचे परजीवी भक्षक पेशींतच दडून बसतात. ज्या दारातून बिघडलेली प्रथिनं आत जातात, त्याच दारातून औषध का नेऊ नये? त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी औषध अशाच बदललेल्या प्रथिनाला जोडून आत पोचवलं आणि ते काम १९८९ मध्ये ‘सायन्स’मध्ये छापलं. पुढे ते दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्थेचे संचालक झाले. मला हा या कथेतला सर्वांत मोलाचा भाग वाटतो.

बिघडलेला माल ओळखणाऱ्या या ग्राहीची घडण १९९० मध्ये उलगडली. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये मॉन्टी क्रीगर, कोडामा आणि सहकाऱ्यांनी गाईगुरांमधला हा ग्राही अभ्यासला. ही चक्क तिपेडी वेणी आहे. पेशीच्या आत एकसारख्या तीन साखळ्या तयार होतात आणि एकमेकींना पीळ घालतात. त्याशिवाय हे दार बसत नाही. माणसात त्यातल्या मुख्य प्रकारच्या साखळीत ४५१ अमिनो आम्लं असतात. बुडखा पेशीच्या पटलात रुतलेला, वर लांब दांडा, दांड्याच्या वरच्या भागात कोलॅजेनसारखा पीळ. त्या पिळातला धनभारित पट्टा ऋणभारित माल धरतो. माल पेशीत ओढला गेला, भोवतालचं द्रव आम्ल झालं, की पकड सुटते. मोकळा झालेला ग्राही पुन्हा पृष्ठभागावर येऊ शकतो, ओटी रिकामी करून पुन्हा तासात शिरणाऱ्या बाईसारखा.

नंतर असे कितीतरी ग्राही सापडले. सीडी३६ हे दोन्ही टोकं पटलात रोवलेलं प्रथिन आहे, सीडी१६३ फुटलेल्या तांबड्या पेशींतलं हिमोग्लोबिन गोळा करतं. त्यांचं रूप एक नाही, घराणंही एक नाही. कुलकर्णी, देशमुख ही नावं जशी कामावरून पडली, तसंच हे. २०१४ मध्ये शास्त्रज्ञांनी त्यांचे १० वर्ग पाडले आणि नाव तेच ठेवलं.

आपण मात्र ते नाव जसंच्या तसं उचलू नये. स्कॅव्हेंजर या शब्दाला आपल्याकडे जातीचा आणि अपमानाचा वास आहे. माणसाने माणसाचा मैला हाताने उचलण्याविरुद्ध या देशाला १९९३ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये कायदा करावा लागला. शिवाय ‘सफाई ग्राही’ म्हटलं तर उरतो तो फक्त झाडू. ताजा कण सोडून बिघडलेला तेवढा उचलण्याची पारख, जी मूळच्या जकातदाराकडे होती, ती या नावात येत नाही.

वेचणं या मराठी क्रियापदात ती आहे. कापूस वेचतात, तांदळातले खडे वेचतात, पीक काढून झाल्यावर शेतातला सरवा वेचतात. जे वेचायचं ते आधी ओळखावं लागतं. म्हणून जीवशास्त्र शिकवणाऱ्या मराठी शिक्षकांना माझी विनंती आहे: फळ्यावर ‘वेचक ग्राही’ लिहा, आणि मुलांना कापसाच्या वेचणीवरून तो समजावून सांगा.